खाचरात उतरता येईल का?

आषाढातला मावळ. नाणे मावळ असो, आंदर मावळ असो की पवन मावळ, खाचरं पाण्यानं काठोकाठ भरलेली असतात. चिखलणी झालेली असते, रोपांच्या जुड्या बांधावर येऊन पडलेल्या असतात आणि बायका ओळीनं खाचरात उतरतात. डाव्या हातात रोपांची मूठ. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं त्यातली तीन-चार रोपं वेगळी करतात, चिखलात रोवतात आणि हात पुन्हा मुठीकडे जातो. गुडघे किंचित वाकलेले, धड जमिनीला जवळजवळ समांतर, पाय नडगीपर्यंत गाळात. आणि चालायचं ते मागे मागे, कारण पुढे गेलं तर लावलेलं रोप पायाखाली येतं. एक पाय गाळातून उपसायचा, न बघता अंदाजानं मागे टाकायचा, तो रुतून स्थिर होईपर्यंत दुसऱ्या पायावर तोल सांभाळायचा, हे सगळं वाकलेल्या अवस्थेतच. पात संपली की बाई उभी राहते, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाठ मागे रेलते, दोन श्वास घेते आणि पुढची पात धरते. संध्याकाळपर्यंत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे दृश्य लहानपणापासून पाहत आले, पण त्याच्याकडे माझ्या विषयाच्या नजरेनं पाहायला शिकवलं ते एका पेशंटनं. साठीकडे झुकलेल्या मावशी, पवनेच्या खोऱ्यातल्या. गुडघ्याची वाटी पार झिजली होती, सांधा बदलला, व्यायाम नेमानं केले. तीन महिन्यांनी मी त्यांची तपासणी केली. गुडघा ११० अंश वाकत होता. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायची चाचणी त्यांनी झटक्यात पार पाडली. मी समाधानानं कागदावर आकडे लिहीत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, चालता येतंय, ते खरंय. पण खाचरात उतराया जमंल का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि लक्षात आलं ते हे की, उत्तर शोधायला लागणारी मोजपट्टीच माझ्या हातात नव्हती. पुढचं सगळं लिहिणं त्या एका प्रश्नाचं निरूपण आहे.

आधी आमचा विषय काय करतो ते सांगते. माणूस हलतो तेव्हा हाडं, सांधे, स्नायू यांवर कोणतं बळ कुठे, किती, किती वेळ येतं याचा हिशेब म्हणजे जैवयांत्रिकी. चालीच्या प्रयोगशाळेत जमिनीत एक पाटा बसवलेला असतो. पाऊल त्यावर पडलं की जमीन पायाला किती जोरानं उलट ढकलते ते कळतं. अंगावर लावलेल्या चकाकत्या खुणा अनेक कॅमेरे एकाच वेळी टिपतात आणि सांध्यांचे कोन निघतात. स्नायूंवर लावलेली इलेक्ट्रोड कोणता स्नायू कधी जागा झाला ते सांगतात. या विद्येनं खूप दिलं आहे. सपाट जमिनीवर चालताना पाय पुढे झुलतो तेव्हा गुडघा साधारण ६० अंश वाकतो, हे तिच्यामुळे माहीत झालं. काही युरोपीय रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच बळ मोजणारी यंत्रणा बसवून पाहिलं, तेव्हा कळलं की साध्या चालीत सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो आणि जिना उतरताना तो साडेतीन पटीच्या आसपास जातो. एकवीरेच्या दर्शनाला कार्ल्याच्या पायऱ्या चढणारे लोक म्हणतात, "चढताना दम लागतो, गुडघा दुखतो तो उतरताना." त्यांचं म्हणणं त्या आकड्यांनी शब्दशः खरं ठरवलं. मला ही विद्या प्रिय आहे, म्हणूनच तिची उणीव सांगावीशी वाटते.

उणीव अशी. हालचाल एकट्या शरीराची नसते. शरीर, खालची जमीन आणि हातातलं काम या तिघांची मिळून ती बनते. यातलं एक बदललं की हालचाल बदलते. आम्ही मात्र शरीर उचलून प्रयोगशाळेत आणलं आणि जमीन व काम बाहेर ठेवलं. जमीन झाली गुळगुळीत फरशी आणि काम झालं दहा पावलं सरळ चालणं. त्या दहा पावलांवरून 'नॉर्मल' ठरलं, आणि तो शब्द मग जगभर फिरला.

आमच्या चाचण्यांकडे बघा. मी मावशींची जी चाचणी घेतली ती १९९१ साली कॅनडात तयार झाली. तिच्यात सुमारे ४६ सेंटिमीटर उंचीची, हात असलेली खुर्ची लागते. मावशींच्या घरात खुर्ची आहे, पण ती पाहुण्यांसाठी. त्या स्वतः जमिनीवर बसतात. गुडघ्याच्या संधिवातासाठी जगात सर्वांत जास्त वापरली जाणारी प्रश्नावलीही कॅनडातलीच, दोन विद्यापीठांच्या नावांची आद्याक्षरं जोडून तिला 'वोमॅक' म्हणतात. चोवीस प्रश्न. मोजे घालताना त्रास होतो का? मोटारीत चढता-उतरताना? बाथटबमध्ये शिरताना आणि बाहेर येताना? प्रश्नावली उत्तम आहे, तिथल्या माणसासाठी. तिचं शुद्ध मराठीत भाषांतर केलं तरी मोजे आणि बाथटब तिथेच राहतात. मावशी प्रामाणिकपणे सांगणार, "न्हाई, मोज्याचा तरास न्हाई." आणि त्यांच्या नावापुढे चांगला गुण पडणार.

हे पुण्याच्या एका डॉक्टरांनी फार आधी ओळखलं. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुण्यातल्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसनं वोमॅक जशीच्या तशी घेतली नाही, आपल्याकडच्या बसण्या-उठण्याच्या सवयी ध्यानात घेऊन ती बदलून घेतली. ती 'पुणे आवृत्ती' पुढे त्यांच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये वापरली गेली. त्याच डॉक्टरांनी १९९६ पासून याच पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, भिगवणला, सांधेदुखीची मोठी पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाखाली चार हजारांहून अधिक प्रौढांना घरोघरी जाऊन विचारलं गेलं, तेव्हा शेकडा १८ जणांनी हाडा-सांध्यांचं दुखणं सांगितलं. मला त्या पाहणीतली दिशा मोलाची वाटते. दवाखान्यात येतो तेवढाच आजार, असं न मानता संशोधक गावात गेले. दुखणं मोजायला कुणी गावात जाऊ शकतं, तर हालचाल मोजायलाही जाऊ शकतं. भिगवण कोरडा मुलूख. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, म्हणजे मावळात, जिथे लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथली जमीन वेगळी, काम वेगळं, म्हणून शरीरावरचा भारही वेगळा.

आता कोनाचा हिशेब करू. चालायला ६० अंश पुरतात, खुर्चीतून उठायला ९०च्या आसपास. म्हणून ११० अंश वाकणारा गुडघा आमच्या कागदावर यशस्वी ठरतो. पण उकिडवं बसायचं तर? भारतीय माणसांवर केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात उकिडवं बसताना गुडघा सरासरी १५७ अंशांपर्यंत वाकतो असं दिसलं. ११० आणि १५७ यांच्या मधल्या सत्तेचाळीस अंशांत मावशींचं आयुष्य आहे. चुलीपुढे बसणं त्यात आहे, सुपात तांदूळ पाखडणं त्यात आहे, परसाकडे बसणं आहे, देवापुढे मांडी घालून बसणं आहे, नातवाला मांडीवर घेणं आहे. ऑपरेशननंतर आपण एका वाक्यात सांगून टाकतो, "आता खाली बसायचं नाही." वैद्यकीय दृष्टीनं सल्ला सावधपणाचा आहे, मीही तो देते. पण देताना कळलं पाहिजे की या वाक्यानं आपण एका बाईला तिच्याच घरातल्या सगळ्या जागांवरून उठवतो आहोत.

इथे एक घाई टाळायला हवी. आपली बैठक ती उत्तम, खुर्ची वाईट, असं म्हणायचा मोह होतो. पुरावा तसं म्हणत नाही. बीजिंग आणि अमेरिकेतलं फ्रेमिंगहॅम इथल्या वृद्धांची तुलना झाली आहे. बीजिंगच्या म्हाताऱ्या बायकांमध्ये गुडघ्याचा संधिवात फ्रेमिंगहॅमच्या बायकांपेक्षा जास्त आढळला, आणि तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांमध्ये त्याची शक्यता वाढलेली दिसली. त्याच बीजिंगमध्ये खुब्याचा संधिवात मात्र फारच कमी निघाला. म्हणजे उकिडवं बसणं हे निव्वळ वरदान नाही आणि निव्वळ शापही नाही. प्रश्न मात्रेचा आहे. दिवसात किती वेळ, कोणत्या वयात, हातात ओझं घेऊन की मोकळ्या हातानं? त्यात एक खुबीही आहे. गुडघा पुरता वाकला की पोटरी आणि मांडी एकमेकींना टेकतात आणि भाराचा काही वाटा सांध्याऐवजी त्या घेतात. अर्धवट वाकलेल्या गुडघ्याला हा आधार मिळत नाही. तेव्हा 'जितकं कमी वाकेल तितकं सुरक्षित' हे गृहीत तपासून पाहायला हवं. औषधाची मात्रा आपण मिलिग्रॅममध्ये सांगतो, बसण्याची मात्रा मात्र 'बसा' किंवा 'बसू नका' एवढीच. हे सुधारणं मला या विषयाचं पहिलं देणं वाटतं.

पाठीचंही असंच. १९५०च्या दशकात लंडनमध्ये फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी दाखवलं की माणूस पुरता पुढे वाकला की पाठीचे उभे स्नायू एका टप्प्यानंतर चक्क शांत होतात. धडाचा भार मग मणक्यांमधले बंध आणि इतर ऊती तोलून धरतात. बंध हे दोरीसारखे. खूप वेळ ताणून ठेवले की सैल पडतात, आणि ताण काढल्यावर लगेच पूर्ववत होत नाहीत. म्हणून बराच वेळ वाकल्यानंतर उठताक्षणी जड काही उचलू नये, एवढं शास्त्र सांगतं. आता पात संपल्यावर कमरेवर हात ठेवून मागे रेलणारी बाई डोळ्यांपुढे आणा. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. तिच्या त्या दोन श्वासांत पाठ किती सावरते? दोनाऐवजी दहा श्वास थांबली तर? उठल्या उठल्या रोपांचं ओझं डोक्यावर घेण्याआधी ती बांधावर दोन मिनिटं बसली तर? हे प्रश्न फार महागड्या यंत्राचे नाहीत. दर पावसाळ्यात, खाचरात वाकलेल्या हजारो पाठींचे आहेत.

डोक्यावरच्या ओझ्याचं नाव निघालं म्हणून एक सांगते. १९८६ साली केनियातल्या बायकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझं डोक्यावर घेऊनही त्यांना जास्तीचा प्राणवायू लागत नव्हता. जगभरच्या शास्त्रज्ञांना हे थक्क करणारं होतं. विचारणारा त्या बायकांपर्यंत गेला म्हणूनच हे कळलं.

गरज आधी, वस्तू नंतर, या क्रमानं काम झाल्याची आपल्या देशातली उदाहरणं आहेत. १९६८च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी बनवलेलं पाऊल त्यांतलं सर्वांत मोठं. तोपर्यंतचा परदेशी कृत्रिम पाय बुटासाठी बनलेला. शेतकरी तो घेऊन घरी जायचा आणि थोड्या दिवसांत कोपऱ्यात ठेवून कुबडीवर परत यायचा, कारण त्यावर अनवाणी चालता येत नव्हतं, चिखलात जाता येत नव्हतं, खाली बसता येत नव्हतं. दोष शेतकऱ्याचा मानला गेला असता तर जयपूर पाऊल झालंच नसतं. आपल्या पुण्यात १९४४ पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, आणि पुण्याच्याच डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय रुग्णांच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून 'इंडस' हा कृत्रिम गुडघा घडवला. तेव्हा इथे परंपरा नाही असं कुणी म्हणू नये.

आणि खुद्द लोणावळ्यात? १९२४ साली स्वामी कुवलयानंद यांनी इथे कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं. स्वामीजी मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. लोणावळ्याला येण्याआधीच, १९२०-२१च्या सुमारास, त्यांनी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात उड्डियान आणि नौली करणाऱ्या साधकांना क्ष-किरणांखाली पाहिलं होतं. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात दाब हवेच्या दाबाखाली जातो, हे मोजून दाखवलं आणि त्या पोकळीला आपले गुरू माधवदासजी यांचं नाव दिलं. पुढे कैवल्यधामच्या प्रयोगशाळेत आसनांमधल्या स्नायूंच्या विद्युत नोंदीही घेतल्या गेल्या. योगावर श्रद्धा असो वा नसो, मला त्यांचा क्रम महत्त्वाचा वाटतो. हातात यंत्र आहे म्हणून काय मोजता येईल, असं त्यांनी विचारलं नाही. इथला माणूस शरीरानं जे करतो ते आधी घेतलं आणि मग त्याला शोभेल असं मोजमाप शोधलं. शंभर वर्षांपूर्वी, जिथून लोकलनं दोन-तीन स्टेशनांवर खाचरं आहेत त्या गावात हे काम उभं राहिलं. नौली करणाऱ्याचं पोट मोजण्याजोगं असेल, तर लावणी करणारीची पाठही मोजण्याजोगी आहे.

यंत्रांची सबबही आता उरलेली नाही. काडेपेटीहून लहान संवेदक कमरेला, मांडीला, नडगीला बांधले की प्रयोगशाळेबाहेर दिवसभराची हालचाल नोंदता येते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मंडळींनी दोन-तीन फोनच्या कॅमेऱ्यांवरून, अंगावर एकही खूण न चिकटवता, सांध्यांचे कोन काढायची पद्धत जगासाठी खुली केली आहे. पण इथेच आपलं काम सुरू होतं. ओचा खोचलेलं लुगडं, पाठीवर इरलं नाही तर प्लॅस्टिकचा कागद, गुडघ्याखाली गढूळ पाणी, वरून पाऊस. लुगड्याच्या आत गुडघा नेमका कुठे आहे आणि इरल्याखाली पाठ किती वाकली आहे, हे कॅमेऱ्यामागच्या गणिताला शिकवावं लागेल, आणि ते शिकवायला लुगडं नेसलेल्या, इरलं घेतलेल्या शेकडो बायकांची चित्रं लागतील. हे काम कॅलिफोर्नियात होणार नाही. होऊ शकत नाही. पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी आणि फिजिओथेरपीच्या मुलींनी एकत्र बसून करायचं काम आहे ते. गाळात रुतलेला पाय उपसायला किती बळ लागतं, हे मोजायचं साधंसं साधन तर कुठल्याही कॉलेजच्या कार्यशाळेत बनेल.

कालावधीचाही विचार व्हावा. आमचे बहुतेक अभ्यास सहा आठवडे, तीन महिने, फार तर वर्षभर चालतात, आणि ते कधी संपायचे ते संशोधकाच्या परीक्षेच्या तारखेवर ठरतं. मावळातल्या बाईचं वर्ष पावसावर ठरतं. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं असेल तर तिची खरी परीक्षा जुलैत, दुसरी कापणीला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पुनर्वसनाचा निकाल मे महिन्यात लावणं म्हणजे पेरणीआधी पीक मोजणं झालं. द्रुतगती मार्गावरच्या अपघातातून वाचलेल्या तरुणालाही हेच लागू आहे. त्याचं हाड जुळल्याची तारीख फायलीत असते. तो पुन्हा गाडीवर, रिक्षावर, कंपनीतल्या उभ्या पाळीवर कधी परतला, याची तारीख कुठेच नसते.

माझ्या विषयात 'पुढच्या संशोधनाची दिशा' या नावाखाली मोठमोठी भाषणं होतात. रोबो, कृत्रिम बुद्धिमत्ता, आभासी वास्तव. यातलं काहीही मला नको आहे असं नाही. पण प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा असं वाटतं: हे साधन कोणतं काम परत मिळवून देणार आहे, आणि ते काम निवडलं कुणी? पेशंट पहिल्यांदा समोर बसते तेव्हा तिला काय करता यायला हवं आहे ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावं आणि शेवटी त्यावरच निकाल लावावा. मी आता केसपेपरच्या पहिल्या ओळीत तेच लिहिते. 'गुडघेदुखी, दोन वर्षं' याच्या वर: 'खाचरात उतरायचंय.' 'वारीला जायचंय.' 'म्हशीची धार काढायचीय.' हे लिहायला लागल्यापासून माझे व्यायाम बदलले. मागे चालण्याचा सराव मी पूर्वी कुणाकडूनच करून घेत नव्हते. आता आधी फरशीवर, मग अंगणात, मग ओल्या मातीत घेते.

मावशींना मी त्या वर्षी पूर्ण दिवस खाचरात उतरू दिलं नाही. बांधावर बसायला उंच पाट दिला, रोपांच्या जुड्या सोडवून द्यायचं काम घ्यायला सांगितलं आणि सकाळी थोडा वेळ, कडेच्या उथळ गाळात, काठीच्या आधारानं लावणी करायला हरकत घेतली नाही. ते बरोबर होतं की नाही, हे मी अनुभवानं ठरवलं, पुराव्यानं नाही. हा पुरावा माझ्या पुढच्या पिढीच्या फिजिओथेरपिस्टच्या हातात असावा, एवढीच इच्छा आहे.

पुण्यातल्या कॉलेजांमध्ये दरवर्षी पदव्युत्तर मुलं प्रबंधाचे विषय शोधत असतात. त्यांच्या मार्गदर्शकांना हात जोडून विनंती आहे. जुलैत एक दिवस काढा. लोणावळ्याची लोकल धरून कामशेतला किंवा मळवलीला उतरा. मोजपट्टी, घड्याळ आणि दोन फोन बरोबर असू द्या. बांधावर उभे राहा, बायकांची परवानगी मागा, आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारू द्या.